तीन चौकटी आणि दोन रेघा

हाळीकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच घरात, सतरंजीवर मांडी घालून बसलेले. माझे मिस्टर गेले होते, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. गल्लीतल्या बायका होत्या, तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमधले चार-पाच जण होते. मी कुणाकडे बघत नव्हते. कार्यक्रम झाल्यावर पांढरा सदरा घातलेले, कपाळावर भस्माची बारीक रेघ असलेले एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "बाई, मी हाळीकर. गणित शिकवतो. गायकवाड मला रोज चहाच्या वेळी एक प्रश्न विचारायचे. शेवटचा माझ्याकडंच राहिला. आता उत्तर कुणाला सांगू?"

मला काही कळलं नाही. भेटायला आलेली माणसं धीर देतात, जेवलात का विचारतात. हे मलाच विचारत होते. मी "बरं" म्हणाले. सरांनी नमस्कार केला आणि चप्पल शोधत बाहेर गेले.

तो प्रश्न कोणता होता हे मी पुढे सरांना विचारलं. नटाला सहाच बाजू का असतात, पाच किंवा सात का नाहीत, असा होता. सरांनी उत्तरही सांगितलं, सहा बाजू असल्या की पान्याला वळायला थोडी जागा पुरते, असं काहीसं. मी ऐकत होते, पण माझ्या मनात दुसरंच होतं. आमचे हे फिटिंगच्या शॉपमध्ये निदेशक होते, दिवसभर नटबोल्ट हाताळायचे. घरी त्यांनी मला असा एकही प्रश्न कधी विचारला नव्हता. मी विचारण्यासारखी नव्हते की त्यांना तसं वाटलं नव्हतं, हे आता कोण सांगणार.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं असा निरोप आला तेव्हा मी दोनदा नाही म्हणाले. सरांचे विद्यार्थी धरणांवर, कारखान्यांत मोठ्या हुद्द्यांवर गेले. सरांनी पुस्तकं लिहिली. त्यावर लिहिणारे जाणते लोक आहेत. मी त्या कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागे बसणारी बाई. मला सरांविषयी जे माहीत आहे त्यातलं अर्धं मला उलगडलेलंच नाही. संपादकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहिते आहे.

लातूर जिल्हा नवीन झाला होता. कलेक्टर कचेरीचे बोर्ड नवे, रस्त्यांवर सरकारी जीपगाड्या, आणि पाऊस मात्र दोन वर्षं नाही. त्या उन्हाळ्यात विहिरींचा गाळ वर आला आणि आमच्या गल्लीत गॅस्ट्रोची साथ आली. आमचे हे तिसऱ्या दिवशी गेले. घरात सासूबाई आणि दोन वर्षांची प्रज्ञा. कॉलेजनं मला अनुकंपेवर ऑफिसात घेतलं. पण ऑर्डरमध्ये अट होती. मी दहावीला गणितात नापास झाले होते, आणि त्यातच लग्न झालं होतं. ऑक्टोबर आणि मार्च अशा दोन परीक्षा मिळतील, गणित सुटलं तर लिपिक म्हणून कायम, नाही सुटलं तर नेमणूक संपली. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की मार्चपर्यंत काम आहे. पुढचं त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. ऑफिसातही हेडक्लार्क आणि प्रिन्सिपॉल सोडून कुणाला ही अट माहीत नव्हती, आणि मीही तेव्हा कुणाला सांगितली नाही.

पहिले पंधरा दिवस माझं काम एकच होतं. छापील फॉर्मांवर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, उस्मानाबाद. ते एका रेघेनं खोडायचं आणि वर लातूर लिहायचं. हेडक्लार्क कादरीसाहेब निजामाच्या काळातल्या शाळेत शिकलेले. त्यांचं अक्षर उर्दूत सुंदर, मराठीत बरं. त्यांनी मला ऑफिस शिकवलं. पहिल्याच आठवड्यात एक फाईल समोर टाकली आणि म्हणाले, "बाई, फाईल हमेशा खालून वाचायची. सबसे पहला कागद सबसे नीचे. वरून वाचाल तर नुसता शेवट कळेल, सुरू कुठून झालं ते कळणार न्हाई."

मी ते लक्षात ठेवलं. आजही मी कुठलाही कागदांचा गठ्ठा उलटा करून वाचते.

जून उजाडला आणि मला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. नियमित विद्यार्थ्यांच्या याद्या आपोआप वरच्या वर्षात जायच्या. पण दुष्काळात मधेच वर्ष सोडून कामाला गेलेले आणि आता परत आलेले काहीजण होते. त्यांनी कोणता गणिताचा विषय घ्यायचा हे खिडकीवर ठरायचं. त्यासाठी हाळीकर सरांनी एक तक्ता करून खिडकीच्या आत चिकटवला होता. पुठ्ठ्यावर, शाईनं, एकाखाली एक तीन चौकटी. वरच्या चौकटीत बीजगणित व त्रिकोणमिती, मधल्या चौकटीत कलन, खालच्या चौकटीत उपयोजित गणित. चौकटींना जोडणाऱ्या दोन रेघा. आधीचा विषय सुटल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही, म्हणजे आधीचा विषय ही पुढच्याची पूर्वअट, असं खाली लिहिलेलं.

आधीचा कोणता आणि पुढचा कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज आहे असं सरांना वाटलंच नसणार.

मी तक्ता खालून वाचला.

मला शंका आली नाही असं नाही, परत आलेल्यांचं वरचं बीजगणित आधीच सुटलेलं होतं. पण मनात म्हटलं, उपयोजित म्हणजे उपयोगाचं. उपयोगाचं आधी शिकवतात, बाकीचं सवडीनं. कलन म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारलं असतं तर गणिताचं माझं सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून विचारलं नाही. बीजगणित सुटलेले नऊ जण खिडकीशी आले, आणि नऊही जणांना मी सांगितलं, आधी उपयोजित घ्या, कलन पुढच्या वर्षी. त्यांनी मान हलवून सह्या केल्या. एकानंही का म्हणून विचारलं नाही. गावाकडून आलेल्या मुलामुलींना खिडकीतून सांगितलेलं म्हणजे सरकारनं सांगितलेलं. मी फॉर्मांवर शिक्के मारले आणि फॉर्म बोर्डाकडे गेले.

तीन आठवडे सर त्या वर्गाला शिकवत होते. नऊ जण मागच्या बाकांवर वही उघडून नुसते बसतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सरांची शिकवण्याची एक पद्धत आहे, ती त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. समजलं नाही म्हटल्यावर सर तेच परत समजावत नाहीत. एक पायरी मागे जातात आणि विचारतात, "याच्या आधीचं काय?" तेही आलं नाही तर आणखी एक पायरी. जिथं उत्तर येतं तिथं वहीत लाल पेन्सिलीनं ठिपका देतात आणि म्हणतात, "इथून." त्या दिवशी सरांनी धर्माबादच्या लक्ष्मीला उभं केलं.

"याच्या आधीचं काय?"

"न्हाई येत सर."

"कलनात केलं असेल की."

"कलन अजून झालंच न्हाई सर. ते पुढच्या वर्षी हाय म्हनले."

"कोण म्हणाले?"

"खिडकीतल्या बाई."

सर खडू हातात तसाच घेऊन ऑफिसात आले. मी उठून उभी राहिले. त्यांनी तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गायकवाडबाई, हा तक्ता तुम्ही कसा वाचता?" मी खालच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि वर नेलं. सर वळले आणि प्रिन्सिपॉलांच्या खोलीत गेले.

दुपारी मला मेमो मिळाला. चुकीच्या नोंदणीबद्दल लेखी खुलासा द्यावा. खाली सही हाळीकर सरांची, कारण गणित विभागाचे प्रमुख तेच. मार्च लांब होता, पण एवढ्या चुकीनंतर मार्चपर्यंत कोण ठेवणार? मी सरांकडे गेले आणि म्हणाले, सर, मेमो मागे घ्या, मी परत अशी चूक करणार नाही. सर म्हणाले, "मेमो मी दिला आहे. उत्तर तुम्ही द्यायचं. फक्त खरं द्या."

मी खरं लिहिलं. फाईल खालून वाचायची असं शिकले होते म्हणून तक्ताही खालून वाचला. गणित मला येत नाही, दहावीला राहिलं आहे, म्हणून विचारायला लाज वाटली. माझ्या अक्षरात अर्धं पान झालं. ते द्यायला गेले तेव्हा कादरीसाहेब टाइपरायटरवर काहीतरी टाइप करत होते आणि स्वतःशीच हसत होते. म्हणाले, "बाई, हे बघा. हाळीकर साब को भी मेमो है. और मांगा किसने? खुद ने. पच्चीस बरस की नौकरी में पैली बार टाइप कररा मैं ऐसा कागद."

खरंच होतं ते. तक्त्यात दिशा दाखवणारे बाण नव्हते, त्यामुळे तो दोन्हीकडून वाचता येत होता, याचा खुलासा विभागप्रमुखांनी द्यावा, असा मेमो प्रिन्सिपॉलांनी सरांना दिला होता, सरांच्याच सांगण्यावरून. सरांनी एका ओळीत उत्तर दिलं, तक्ता मी केला, चूक अर्धी माझी. दोन्ही मेमो आपापल्या सर्व्हिस बुकात गेले. माझ्या नोकरीला त्या दिवशी धक्का लागला नाही तो त्या ओळीमुळे, हे मला कळतं. न कळणारी गोष्ट ही की अर्धी चूक स्वतःची मानणाऱ्या माणसानं माझा मेमो फाडून का टाकला नाही. मी रिटायर होईपर्यंत तो कागद माझ्या पुस्तकात राहिला. एकदा बोलता बोलता मी सरांना तसं म्हटलं. सर म्हणाले, "माझाही आहे की." मला हे उत्तर वाटलं नाही.

नऊ विद्यार्थ्यांचं काय करायचं, हा खरा पेच होता. नोंदणी बदलायची मुदत गेली होती. प्रिन्सिपॉल म्हणाले, दुष्काळाचं वर्ष आहे, वर लिहून सवलत घेऊ, या नऊ जणांना कलनाची अट माफ करू. सवलत मिळालीही असती. सगळ्यांना बरं वाटलं, मला तर फारच. माझी चूक कागदावरून पुसली गेली असती. सरांनी नकार दिला. "अट माफ करता येते," ते म्हणाले, "कलन माफ करता येत नाही. ते पुढं पुलात, पाण्याच्या टाकीत येतंच." त्यांनी ठरवलं, रोज सकाळी सात वाजता, कॉलेजच्या आधी, नऊ जणांना कलन शिकवायचं, आणि दिवसा उपयोजित. आणि मला म्हणाले, "तुम्हीपण सातला या."

"सर, मी कलन शिकून काय करू?"

"तुम्हाला कोण कलन शिकवतंय? मागं बसा. दहावीचं पुस्तक आणा."

मी मागच्या बाकावर बसले. सर नऊ जणांना फळ्यावर काहीतरी देत आणि माझ्याकडे येत. पहिल्या दिवशी दहावीचं समीकरण. याच्या आधीचं काय? अवयव पाडणं. येतं का? नाही. याच्या आधीचं? असं करत सर नववीत, आठवीत, सातवीत उतरले. पुढं बसलेली लक्ष्मी मान वळवून बघत होती. शेवटी सरांनी विचारलं, पाऊण भागिले अर्धा किती? ते नाही आलं. पाऊण म्हणजे काय? ते आलं. सरांनी माझ्या वहीत लाल ठिपका दिला.

"पाचवी," ते म्हणाले. "पाचवीत काय झालं होतं तुम्हाला?"

पाचवीत मला काही झालं नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ होता. अहमदपूरजवळच्या आमच्या गावातून आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि मीही तिच्याबरोबर जायचे, दिवसभर. शाळा चालू होती की बंद हेही मला माहीत नव्हतं. वर्ष संपलं तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना सहावीत घातलं. दुष्काळ आहे, मुलांचं वर्ष जाऊ नये, म्हणून. आई त्यांच्या पाया पडली होती. त्यांच्या मनात दयाच होती याबद्दल मला शंका नाही.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "चला, पाऊण." बस, एवढंच.

या दोन गोष्टी मी अजून शेजारी शेजारी ठेवते आणि मला त्यांचा मेळ लागत नाही. गुरुजींनी अट न लावता मला वर चढवलं, त्यामुळे माझं वर्ष वाचलं आणि पुढची दहा वर्षं मी गणिताला घाबरले. सरांनी त्या नऊ जणांची अट माफ केली नाही, तेव्हा त्यातल्या आठ जणांनी कलन पूर्ण केलं. नववा जळकोटकडचा होता. सकाळी सातच्या वर्गासाठी त्याला पहाटेची एसटी धरावी लागायची. दोन महिने आला आणि मग आला नाही. सर सुट्टीच्या दिवशी त्याच्या गावी जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "घरचे म्हणतात कामाला लागला, बरं चाललंय." अट माफ झाली असती तर तो डिप्लोमा घेऊन बाहेर पडला असता. त्याला वाटेतून उतरवलं कुणी? तक्ता उलटा वाचणाऱ्या मी, की अट न सोडणाऱ्या सरांनी, की त्या पावसानं? सरांना मी हे कधी विचारलं नाही. पण ते रिटायर झाल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणातलं सामान मीच बांधून दिलं, त्यात त्या मुलाची कलनाची वही होती, लाल ठिपक्यासकट. सरांनी ती नीट कागदात गुंडाळून पिशवीत ठेवायला सांगितली. एवढं मी पाहिलं आहे.

आता काकूंविषयी, म्हणजे सरांच्या मिसेसविषयी, लिहिलं पाहिजे. काकूंशिवाय सरांविषयीचं लिहिणं अपुरं राहील, असं ते स्वतःच म्हणतील.

सात वाजताचा वर्ग आणि आमच्या गल्लीतला टँकर यांची वेळ एकच होती. टँकर चुकला की त्या दिवशी पाणी नाही. सासूबाईंना घागर उचलत नव्हती. पहिले चार दिवस मी शेजारणीच्या विनवण्या केल्या. पाचव्या दिवशी वर्गाला गेले नाही. सहाव्या दिवशी सकाळी बघते तर काकू दोन रिकाम्या घागरी घेऊन आमच्या बौद्धवाड्यातल्या रांगेत उभ्या. काकू उदगीरच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, गळ्यात शिवलिंग. गल्लीत सगळ्यांना आश्चर्य. आमच्या शेजारच्या राधाबाई फटकळ. त्यांनी विचारलंच.

"मास्तरीणबाई, तुमच्या घरी नळ न्हाई का?"

"हाय की," काकू म्हणाल्या.

"मग इथं रांगेत कशाला उभ्या राहिलात?"

"माझ्या घरी नळ हाय, पर मला गणित न्हाई. ह्या बाईला गणित हाय, पर नळ न्हाई. सरका थोडं, माझा नंबर आला."

बायका हसल्या. त्यानंतर मार्चपर्यंत काकू रोज येत. आमच्या अंगणात घागरी ठेवत, प्रज्ञाला कडेवर घेऊन सासूबाईंशी बोलत बसत, आमच्याकडचा चहा पीत. त्या काळात त्या गल्लीत कोण कोणाकडचा चहा पीत नसे हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. मी काकूंना विचारलं, तुम्हाला सरांनी पाठवलं का? म्हणाल्या, "त्यांना कुठं सुचतंय. मीच आले." मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "मला काय माहीत? मी सातला वर्गात असतो." मग काकूंना टँकरची वेळ कुणी सांगितली? इतकी वर्षं झाली, दोघंही एकमेकांवर ढकलतात.

ऑक्टोबरात मी गणितात नापास झाले. अपूर्णांकापासून निघून चार महिन्यांत मी बीजगणितापर्यंत पोचले होते, भूमितीला हातच लागला नव्हता. आता फक्त मार्च राहिला होता. मला धीर राहिला नाही. मी सरांकडे गेले, नोकरीची अट सांगितली आणि म्हणाले, प्रिन्सिपॉलांना एक पत्र द्या. बाई मनापासून अभ्यास करतात, त्यांना गणित बऱ्यापैकी येतं, मुदत वाढवावी, एवढं लिहा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

सरांनी कागद घेतला. लिहिलं, "श्रीमती गायकवाड दररोज सात वाजता वर्गास उपस्थित असतात." आणि माझ्या हातात दिला.

"सर, गणित येतं हे राहिलं."

"ते मार्चमध्ये बोर्ड लिहील."

"आणि नाही लिहिलं तर? माझी पोरगी दोन वर्षांची आहे, सर."

सर म्हणाले, "माहीत आहे." त्यांचा आवाज बदलला होता. पण कागदात शब्द वाढला नाही. मी तो कागद कुणाला दिला नाही. त्या दिवशी मला सरांचा फार राग आला. घरी येऊन मी आमच्या ह्यांच्या फोटोसमोर बसले आणि म्हटलं, तुमचे हे मित्र मला कळत नाहीत. रोज चहाला तुम्हाला यांच्यात काय दिसायचं?

दुसऱ्या दिवशी मी सातला गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. का गेले, तेही नीट सांगता येणार नाही. घरी बसले तर मार्च टळत नव्हता, एवढं कळत होतं. सर फळ्यापाशी होते. मी काल का आले नाही हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी भूमितीचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "याच्या आधीचं काय?"

त्या हिवाळ्यात नऊऐवजी आठ विद्यार्थी आणि मी, असा वर्ग चालू राहिला. लक्ष्मीनं मला वर्तुळ शिकवलं. ती म्हणायची, "बाई, तुम्ही माझं वर्ष उलटं केलं, आता मी तुमचं सरळ करते." तिचं हे बोलणं टोमणा होता की थट्टा होती, मला कळत नसे, पण ती शिकवायची चांगलं. मला दुसरीही सवय तेव्हा लागली. वर्ग सुटल्यावर ऑफिस उघडेपर्यंत वेळ असायचा, तेवढ्यात मी कॉलेजच्या लायब्ररीत बसायला लागले. आधी पाठ्यपुस्तकं, मग काहीही. न कळलेलं पान मी मागे जाऊन वाचते, जिथून कळत होतं तिथून. आज माझ्या घरात भिंतभर पुस्तकं आहेत. प्रज्ञा म्हणते, आई पुस्तक वाचते की उकरते.

मार्चमध्ये परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल आला. गणितात अडतीस.

निकालाचा कागद कादरीसाहेबांनी हातात धरून ऑफिसभर वाचून दाखवला आणि म्हणाले, "चलो बाई, आता कुर्सी पक्की. आता हळू चुका करा." मी कागद घेऊन सरांच्या घरी गेले. काकूंनी हातावर साखर ठेवली. सरांनी कागद वाचला, नीट घडी करून परत दिला. मी वाट बघत होते, ते काहीतरी बोलतील.

सर म्हणाले, "बाई, अपूर्णांकानं भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करतो आपण. का करतो?"

मी म्हणाले, "तुम्ही शिकवलं म्हणून."

"ते झालं. का करतो?"

वर्षभर मी अपूर्णांक उलटे करून भागाकार केले, पास झाले, नोकरी पक्की झाली, आणि का ते मला ठाऊक नव्हतं. काकू आतून म्हणाल्या, "अहो, आज तरी सोडा तिला." सर हसले. सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "मग उद्या सातला या."

मी गेले. त्या दिवशी वर्ग नव्हता, परीक्षा नव्हती, अट कसलीही राहिलेली नव्हती. रिकाम्या वर्गात सरांनी मला विचारलं, एका घागरीत अर्धी घागर किती वेळा मावते? दोनदा. म्हणजे एकाला अर्ध्यानं भागलं की दोन. ते मला लख्ख कळलं. इतकं कळलं की मला रडू आलं, आणि सर पाठमोरे होऊन फळा पुसत राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि दोन तृतीयांश घागर किती वेळा मावते? तिथं माझी गाडी अडली. दीड वेळा, हे उत्तर काढता येतं. पण ती राहिलेली अर्धी कशाची अर्धी, घागरीची की दोन तृतीयांशाची, इथं माझा दरवेळी गोंधळ होतो. सर समजावतात, तेव्हा कळतं. घरी येईपर्यंत निसटतं.

आता सरांचे गुडघे दुखतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, काकूंना कमी ऐकू येतं. मी महिन्यातून दोनदा जाते. मेमोचं, पत्राचं, जळकोटच्या त्या मुलाचं, असं पुष्कळ मला त्यांच्याकडून समजून घ्यायचं आहे आणि दरवेळी मी ते न विचारताच परत येते. उगीच नाही तसं करत. माझ्याकडं विचारायचं शिल्लक आहे तोवर त्यांना थांबावं लागेल, असं काहीतरी माझ्या मनानं धरलं आहे. ज्या घरात माणूस प्रश्न अर्धा ठेवून जातो त्या घरातली मी आहे. ते पुन्हा मला नको आहे.

सरांना आणि काकूंना बरी झोप लागो, गुडघ्यांना उतार पडो, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत राहो. पुढची पुष्कळ वर्षं सकाळी सातला त्यांच्या दाराची कडी वाजवली तर आतून त्यांचाच आवाज येवो. सर, माझं गणित अजून कच्चं आहे. तुम्हाला घाई करून चालणार नाही.